नॅचरल, एनएमएसएसएम की स्प्लिट सुसी: पीएचडीला काय घ्यावं?

सुपरसिमेट्रीत म्हणजे सुसीत (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो असं मानणारी थिअरी) काम करायचं ठरलंय पण कुठल्या मॉडेलवर हे ठरत नसेल, तर आधी एक समीकरण कागदावर मांडा. टॅन बीटा (सुसीतल्या दोन हिग्ज फील्डच्या निर्वात मूल्यांचं गुणोत्तर) फार लहान नसेल तर झेड बोसॉनच्या वस्तुमानाच्या वर्गाचा निम्मा भाग म्हणजे ढोबळमानाने दोन टर्मची वजाबाकी: एक अप-टाइप हिग्जची (त्या दोनपैकी एकाची) सॉफ्ट मास टर्म, जी सुसी मोडल्यामुळे येते, दुसरी म्यूचा वर्ग; म्यू म्हणजे हिग्जच्या जोडीदारांचं, हिग्जिनोंचं, वस्तुमान ठरवणारा पॅरामीटर. झेड ९१ जीईव्हीचा (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं एकक, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही), म्हणजे उत्तर सुमारे ४,१५० यायला हवं. म्यू १००० जीईव्ही घेतला की एका बाजूला थेट १० लाख, मग दुसरी टर्मही जवळजवळ तेवढीच हवी, म्हणजे दहा लाख जमा, दहा लाख खर्च आणि खिशात बरोब्बर चार हजार. मोठे आकडे एकमेकांना इतके नेमके कापायला लावणं म्हणजे ट्युनिंग, आणि हे झालं साधारण २४० पट. म्यू २०० असेल तर फक्त १० पट.

आता ट्युनिंग मोजायच्या फुटपट्टीचा घोळ. बार्बिएरी आणि जूदिचे यांची १९८८ ची पद्धत विचारते की वरच्या एनर्जीला असलेला एखादा पॅरामीटर थोडा हलवला तर झेडचं वस्तुमान किती हलतं. बेअर, टाटा वगैरे मंडळींनी २०१२ मध्ये मांडलेली इलेक्ट्रोवीक पट्टी फक्त खालच्या एनर्जीवरच्या टर्म बघते आणि ३० च्या आत असेल तर पास करते. टॉप क्वार्कचा जोडीदार स्टॉप २ टीईव्हीचा आणि रनिंग (एनर्जीप्रमाणे पॅरामीटर बदलत जाणं) थेट जीयूटी स्केलपासून, म्हणजे तिन्ही बलं एक होतात त्या प्रचंड एनर्जीपासून, असं धरलं तर नुसत्या स्टॉपच्या लूपमुळे (क्वांटम दुरुस्तीमुळे) होणारं ट्युनिंग हजाराच्या घरात जातं, आणि तेच मॉडेल दुसऱ्या पट्टीवर आरामात पास होऊ शकतं! बेअर-टाटा गटाचं म्हणणं, वरचे पॅरामीटर मूळ थिअरीत एकमेकांशी बांधलेले असतील, मग सुटे सुटे हलवून मोजायचे कशाला. मुद्दा बरोबर आहे, पण ती मूळ थिअरी हातात कुठाय? म्हणून नुसता ट्युनिंगचा आकडा बघून मॉडेल निवडू नका असं माझं मत.

नॅचरल सुसीत, म्हणजे ट्युनिंग कमी ठेवणाऱ्या मॉडेलमध्ये, म्यू १०० ते ३५० जीईव्ही, म्हणजे हिग्जिनो हलके. एलएचसीने (सर्नमधलं प्रोटॉन आदळवणारं यंत्र) सोप्या गृहीतकांवर ग्लुइनो (ग्लुऑनचा जोडीदार) सव्वादोन टीईव्हीच्या पुढे आणि स्टॉप सव्वा टीईव्हीच्या आसपास ढकललेत, पण हिग्जिनोंची वस्तुमानं एकमेकांच्या इतकी जवळ असतात की डीकेमधून निघणारे लेप्टॉन अगदी मऊ असतात, पकडायला अवघड, त्यामुळे तिथली मर्यादा २०० जीईव्हीच्या आसपासच अडकलीये. थोडक्यात काम शिल्लक आहे. अडचण डार्क मॅटरची: शुद्ध हिग्जिनोने सगळं डार्क मॅटर भरायचं तर तो १.१ टीईव्हीचा लागतो, हलका असेल तर बाकीचं अॅक्सिऑन वगैरेंकडून आणा.

एनएमएसएसएमची (एमएसएसएम या सर्वात लहान सुसी मॉडेलची थोडी वाढवलेली आवृत्ती) खरी गंमत हिग्जच्या १२५ जीईव्हीत आहे. साध्या एमएसएसएममध्ये ट्री लेव्हलला (लूप न धरता) हिग्ज झेडच्या वर जात नाही, उरलेलं जड स्टॉप नाहीतर मोठं मिक्सिंग भरून काढतं आणि तिथेच ट्युनिंग वाढतं. इथे एक जादा सिंगलेट (कुठल्याच बलाचा चार्ज नसलेलं फील्ड) घातला की लहान टॅन बीटाला ट्री लेव्हललाच भर पडते, शिवाय म्यू हाताने घालावा लागत नाही. लॅम्डा (सिंगलेट आणि हिग्जमधलं कपलिंग) मात्र ०.७ च्या आसपासच ठेवावा लागतो, नाहीतर जीयूटी स्केलच्या आधीच गणित फुटतं. पॅरामीटर वाढतात, साध्या आवृत्तीत डोमेन वॉलचं (सुरुवातीच्या विश्वात तयार होणाऱ्या नकोशा भिंतींचं) लफडंही आहे.

स्प्लिट सुसी (अर्कानी-हमेद आणि दिमोपोलस, २००४) नॅचरलनेसवर, म्हणजे ट्युनिंग कमी ठेवण्याच्या अटीवर, सरळ पाणी सोडते. स्केलर (स्टॉपसारखे शून्य स्पिनचे जोडीदार) प्रचंड जड, पण कपलिंग युनिफिकेशन (तिन्ही बलांची ताकद वरच्या एनर्जीला एक होणं) आणि डार्क मॅटर शाबूत, जड स्केलरमुळे फ्लेवरचे प्रॉब्लेमही (क्वार्क-लेप्टॉनच्या प्रकारांतले नको तितके बदल) जवळपास गायब, आणि ग्लुइनो दीर्घायुषी, जो डिटेक्टरमध्ये थांबूही शकतो. प्रामाणिक मॉडेल आहे.

डेटासोबत काम करायचं असेल तर मी नॅचरल सुसीतले मऊ लेप्टॉन घेईन, हाय-ल्युमिनॉसिटी एलएचसीचा डेटा येईपर्यंत हा विषय शिळा होणार नाही. पेन-कागदवाल्यांनी एनएमएसएसएम घ्यावं. स्प्लिट तेव्हाच, जेव्हा गाइडला दीर्घायुषी कणांच्या सर्चमध्ये खरंच रस आहे. आणि गाइड कुठली पट्टी वापरतात ते पहिल्याच मीटिंगला विचारून घ्या, थीसिसच्या मध्यावर पट्टी बदलली तर सगळे प्लॉट पुन्हा काढायला लागतात.