डॉक्टरांना कायद्याचं कवच, की रुग्णांसाठी भरपाई निधी?

उपचारात नुकसान झालं तर डॉक्टरवर दावाच चालू नये, की दोष न शोधता रुग्णाला भरपाई मिळावी? दोन्हींत डॉक्टरचे कोर्टातले खेटे वाचतात, म्हणून गल्लत होते.

खरा फरक रुग्णाच्या पदरात काय पडतं, यात आहे. नुसत्या कवचात नुकसान त्याच्याच गळ्यात. अमेरिकेच्या २००५च्या 'प्रेप' कायद्यात साथीसारख्या संकटातल्या लसी-औषधांपुरतं असं संरक्षण आहे. भरपाईची सोय वेगळी आहे, पण अर्जाला मुदत जेमतेम एक वर्ष! न्यूझीलंडमध्ये १९७४पासून उलटा सौदा: नुकसानभरपाईचे दावे बंद, बदल्यात सरकारी योजनेतून उपचार आणि बुडालेल्या कमाईचे ८० टक्के. अर्थात दुखापत उपचारामुळेच झाली, हे तिथेही दाखवावं लागतं.

खर्चात कवच स्वस्त. निधीला कायम पैसा लागतो.

जाणूनबुजून केलेल्या गंभीर गैरवर्तनाला 'प्रेप'मध्येही माफी नाही, आणि ते योग्यच.

साथीच्या धामधुमीत, अपुऱ्या माणसांनिशी काम चालू असेल, तर मुदतबंद कवच चालेल. रोजच्या दवाखान्यासाठी मात्र निधीच हवा, सोबत चुकांची स्वतंत्र चौकशीही.