मडकं पास, माहितीपत्रक नापास: अद्वा दिनाच्या कॉफी संचाचा आढावा

अद्वाच्या लढाईत इथिओपियानं इटलीच्या सैन्याला हरवलं, त्या अद्वा विजयदिनाच्या निमित्तानं विकला जाणारा कॉफीचा संच नाशिकमध्ये घरपोच येतो. खोक्यात काळ्या मातीचं जेबेना (कॉफी उकळायचं मडकं), बिनकानाच्या सहा छोट्या कपबश्या (तिकडे कपाला ‘सिनी’ म्हणतात), इथिओपियातल्या यिर्गाचेफे भागातल्या पाव किलो कच्च्या कॉफीच्या बिया, ऊदाची पुडी आणि चार पानी माहितीपत्रक. पैसे मोजावेत असं यातलं खरं म्हणजे जेबेना. बियाही चांगल्या आहेत. कपांचा दर्जा साधारण, ऊद तर पंचवटीत पूजासाहित्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

जेबेना म्हणजे गोल बुडाचं, लांब मानेचं भाजलेलं मडकं. खोकं उघडल्याबरोबर कुंभारवाड्यात माठ घेताना वाजवतो तसं बोटानं वाजवून बघा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे, तसंच परत पाठवा. गोल बूड ओट्यावर उभं राहत नाही आणि संचात बैठक दिलेली नाही, ही मोठी उणीव. घरात माठाखालची चुंबळ असेल तर काम भागतं. गॅसवर मात्र थेट ज्योत नको. वांगं भाजायची जाळी मध्ये ठेवा आणि आच मंद. फुटलेल्या जेबेन्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: उकळतं भांडं उचलून ओल्या, गार ओट्यावर टेकवलेलं.

वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवा, मग दिवसभर सावलीत सुकवा. नंतर जुन्या कॉफीचा चोथा घालून मंद आचेवर दोन-तीनदा पाणी उकळून फेका. हे टाळलं तर पहिल्या कपाला ओल्या मातीचा वास येतो आणि दोष उगाच बियांवर जातो. साबण कधीच नको. माती तो पितेच आणि पुढच्या कॉफीत परत देते.

बिया भाजायला उथळ लोखंडी कढई घ्या, खोलगट नको, तळाच्या जळतात आणि वरच्या कच्च्या राहतात. एका वेळी ६०-७० ग्रॅम पुरे. मध्यम आचेवर सतत हलवत राहिलं की सात-आठ मिनिटांत पहिली तडतड ऐकू येते. ती संपत आली की थांबा. माहितीपत्रक ‘काळ्या होईपर्यंत भाजा’ म्हणतं. इथिओपियात अनेक घरी खरंच गडद भाजतात, पण मग यिर्गाचेफेचा फुलांचा आणि लिंबाच्या सालीचा वास राहत नाही, आणि याच वासासाठी या बिया महाग पडतात. गरम कढई धुरासकट पाहुण्यांच्या नाकाखालून फिरवायची तिकडे रीत आहे. ती पाळा, खर्च शून्य. बिया गार करून खलबत्त्यात कुटा. मिक्सर असेल तर दोन-तीन सेकंदांचे झटके द्या. पिठासारखी बारीक झाली की ती खाली बसत नाही, कपात गाळ उतरतो.

जेबेन्यात अर्धा लिटर पाणी उकळलं की ४० ग्रॅम पूड नरसाळ्यानं मानेतून सोडा. फेस मानेत चढू लागला की लगेच उतरवा. क्षणभर उशीर झाला तर शेगडी धुवावी लागते. पुन्हा आचेवर, पुन्हा उतरवा. मग चुंबळीवर किंचित कलतं ठेवून पाच मिनिटं गाळ बसू द्या. ओतताना धार मध्येच तोडायची नाही, सहाही कप एका धारेत भरायचे. धार तुटली की भांडं हिंदकळतं आणि गाळ वर येतो. नवी पूड न घालता त्याच चोथ्यावर आणखी दोनदा पाणी उकळतात. पहिल्या फेरीला ‘अबोल’ म्हणतात, दुसरीला ‘तोना’, तिसरीला ‘बराका’. तिसरी अगदी फिकी असते, तरी ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. सोबत नाशिकचा चिवडा नको, मसाला कॉफीवर चढतो. तिकडेही मक्याच्या लाह्याच देतात. कपात सतापीची डहाळी बुडवायचीही पद्धत आहे. सताप आपल्या रोपवाटिकांत मिळते, पण गरोदर बायकांना ती देऊ नका.

आता माहितीपत्रक. सुट्टीची तारीख १ मार्च छापली आहे, ती चूक. लढाई १ मार्च १८९६ रोजी, रविवारी झाली, पण सुट्टी इथिओपियाच्या पंचांगातल्या येकातित महिन्याच्या २३ तारखेला असते. त्यांच्याकडे दर चौथं वर्ष न चुकता लीप, आपल्या कॅलेंडरात १९०० हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे तो दिवस आता २ मार्चला येतो. शिवजयंती तारखेनं की तिथीनं, हा वाद ऐकलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरी चूक जास्त खटकते: ‘भाले-तलवारींनी तोफांवर विजय’. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक दुसरा याच्या सैन्याकडे आधुनिक रायफली मोठ्या संख्येनं होत्या आणि तोफाही होत्या. भांडणाचं मूळ इटलीशी झालेल्या १८८९ च्या वुचाले तहातलं १७ वं कलम. परराष्ट्र व्यवहारासाठी मेनेलिकला इटलीची मदत घेता येईल, असं अम्हारिक मसुद्यात होतं. इटालियन मसुद्यात ती घेणं बंधनकारक होतं. लढाईत इटालियन सेनापती बाराटिएरीची शिधासामग्री संपत आली होती, नकाशे सदोष होते, आणि त्याच्या हाताखालच्या आल्बेर्तोनेची तुकडी त्या गोंधळात बाकीच्यांपासून फार पुढे गेली. मेनेलिकची पत्नी, महाराणी तैतू, हिचं नाव पत्रकात एकदाही नाही. मेकेलेच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा इटालियनांचं पाणी तोडण्यामागे तीच होती.

२ मार्चला पहिली वाफ निघावी असं वाटत असेल तर फेब्रुवारीच्या मध्यालाच मागणी नोंदवा. भिजवणं, सुकवणं, मातीचा वास काढणं यात तीन दिवस जातात, आणि मडकं बद्द निघालं तर बदलून यायला वेळ हाताशी हवा.