अलोहा वापरून नऊ महिने: दहा टनी बुलेट, लाल गोल आणि आमचा असेंब्ली पॉइंट

जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी बघतो. आवारात एलपीजीची दहा टनी बुलेट, म्हणजे आडवी लांबट टाकी आहे. ती आगीत सापडून फुटली तर आगीचा गोळा केवढा होईल, हे आपत्कालीन आराखड्यात लिहावं लागतं. आमच्या जुन्या आराखड्यातले आकडे कुणाच्या तरी फाइलमधून उचललेले. म्हणून ऑगस्टपासून असे आकडे काढणारं अलोहा हे सॉफ्टवेअर वापरतोय. अमेरिकी सरकारी संस्थांचं आहे, फुकट मिळतं.

पहिल्या दिवशी हातानं पडताळा घेतला. टाकीत आठ टन गॅस धरला, म्हणजे 8000 किलो, घनमूळ 20. त्याला 5.8 नं गुणलं की गोळ्याचा व्यास 116 मीटर, 0.45 नं गुणलं की तो जळणार 9 सेकंद. आकडे जुळले. मग अलोहानं काढलेले धगीचे गोल गूगल अर्थवर टाकले आणि पोटातच गोळा आला: असेंब्ली पॉइंट, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायची जागा, लाल पट्ट्यात! मॉक ड्रिलला प्रिंट दाखवली तर अमळनेरकडचे वॉचमनदादा म्हणाले, "मंग आम्हले आठे काब्र उभं करतस, साहेब?" (मग आम्हाला इथं का उभं करता?)

लाल म्हणजे चौरस मीटरला 10 किलोवॅट, 60 सेकंदांत जीव जाऊ शकेल एवढी धग. गोळा मात्र 9 सेकंदांचा, त्यामुळे चित्र जरा जास्तच घाबरवतं. पण टाकीचे उडणारे तुकडे अलोहा धरतच नाही. 1984 मध्ये मेक्सिकोत सान हुआनिकोला टाकीचा तुकडा सुमारे 1200 मीटरवर जाऊन पडला होता. तेव्हा गोलाबाहेर सगळं सेफ, असं मॅनेजरला सांगू नका.

आपला एलपीजी प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. अलोहात निमूट प्रोपेन निवडायचं. टाकी किती मिनिटांत फुटेल, हेही कळत नाही. "सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना?" (दाब वाढला की गॅस बाहेर सोडणारा) हा प्रश्न मला दर मीटिंगला येतो. फ्रान्समध्ये फेझँला 1966 साली व्हॉल्व्ह उघडला होता, तरी टाकी फुटली आणि 18 माणसं गेली. द्रवाच्या वरचा पत्रा तापून मऊ पडतो, तिथं व्हॉल्व्ह काय करणार? पाणी तिथंच मारायचं.

मेमध्ये आर्द्रता 80 ऐवजी 15 टक्के टाकली. कोरडी हवा धग कमी अडवते, लाल गोल थोडा बाहेर सरकला. असेंब्ली पॉइंटचा नवा बोर्ड नुकताच रंगवून झाला होता. पेंटरला परत फोन केलाय.