ड्यूएनच्या नावावर विकलेल्या बारा सीडी

२००४ साली मी अटलांटात नोकरीला होतो. ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलींची रेकॉर्डिंग्ज चाहते एकमेकांना देतात, हे मला तिथेच कळलं. बँड प्रेक्षकांना रेकॉर्डिंग करू द्यायचा, फक्त ते विकायचं नाही. आपण कोऱ्या सीडी आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा कॉपी करून धाडायचा. यात पैशाला जागाच नव्हती. हे ठाऊक असूनही मी एका माणसाला २४० डॉलर दिले.

त्याचं म्हणणं होतं, १९७१ च्या उन्हाळ्यातल्या चार मैफली त्याच्याकडे आहेत, थेट मिक्सरमधून, म्हणजे मंचावरच्या माइकांचा आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून घेतलेल्या, आजवर कुणी न ऐकलेल्या. बँडचा गिटारवादक ड्यूएन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ ला जॉर्जियातल्या मेकन शहरात मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय अवघं २४. बँड सुरू होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. त्यामुळे त्याच्या वाजवण्याचं नवं काही मिळतंय म्हटल्यावर माझ्यासारख्याचा विवेक सुटतो, आणि विकणाऱ्याला नेमकं हेच माहीत होतं. पैसे कशाला, विचारलं तर म्हणाला, जुन्या टेपा दुरुस्त करायला खर्च झाला, तेवढाच घेतो. नमुना म्हणून पाठवलेली सीडी खरी होती, तारांवर नळी सरकवत वाजवलेली ती स्लाइड गिटार ड्यूएनचीच. पण ती मैफल चाहत्यांमध्ये कित्येक वर्षं फुकट फिरत होती, हे मला नंतर समजलं.

मनीऑर्डर गेली, बारा सीडी आल्या. रात्री हेडफोन लावून बसलो. दुसऱ्या मैफलीत एका लांब वादनात पियानो पुढे आला आणि बराच वेळ एकटाच वाजत राहिला. मी सीडी थांबवली. ड्यूएनचा भाऊ ग्रेग ऑलमन मंचावर हॅमंड ऑर्गन हे विजेवरचं वाद्य वाजवायचा, आणि असा पियानो वाजवणारा चक लेव्हेल बँडमध्ये आला १९७२ मध्ये, ड्यूएन गेल्यानंतर. मग पुन्हा नीट ऐकलं. ड्यूएन आणि बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्स यांच्या दोन गिटारींची ती जुगलबंदी कुठेच नव्हती, गिटार एकच होती. उरलेल्या दोन मैफली तर एमपीथ्रीवरून परत सीडीवर चढवलेल्या निघाल्या. फाइल लहान करताना एमपीथ्रीत बहुधा सर्वांत उंच स्वर कापले जातात. संगणकावर आवाजाच्या कंप्रतांचा आलेख काढला, तर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट कापलेलं. मिक्सरमधून घेतलेलं रेकॉर्डिंग असं दिसत नाही.

त्या माणसानं नंतर एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

तुम्ही या नादात असाल तर आधी तारीख आणि सभागृह विचारा. नुसतं ‘१९७१ चा उन्हाळा’ म्हणणाऱ्याला सोडून द्या. कुठल्या टेपवरून, किती कॉप्यांनंतर ही सीडी झाली, हे खरा संग्राहक न विचारता लिहून देतो. तारीख हाती आली की त्या दिवशी बँडमध्ये कोण होतं ते तपासा. आणि कुणी पैसे मागितले, मग कारण कितीही पटणारं असो, तिथेच थांबा.

पुढे मेकनच्या एका वयस्कर टेपरनं, म्हणजे मैफली रेकॉर्ड करणाऱ्या चाहत्यानं, न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधली, मार्च २००३ ची मैफल मला करून दिली. कुठल्या रांगेत बसून, कुठल्या माइकवर घेतली, सगळं चिठ्ठीत होतं. माझी जास्त झालेली टपाल तिकिटंही त्याच पाकिटात परत आली.