भाडं उतरल्यावर तिकीट बदलणं: फरक मिळतो, पण मुदत कुठून मोजतात ते आधी बघा

गेल्या आठवड्यात माझं एक क्रेडिट बुडालं. रक्कम फार मोठी नव्हती, पण माझी होती. विमानाचं भाडं उतरलं म्हणून तिकीट बदललं, वरचा फरक विमान कंपनीने रोख न देता क्रेडिट म्हणून ठेवून घेतला, आणि पुढच्या प्रवासाला वापरायला गेले तर 'मुदत संपली'. बदल करून तर थोडेच महिने झाले होते. हेल्पलाइनवर ताटकळल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, मुदत मूळ तिकीट काढल्याच्या तारखेपासून धरतात." हे बदल करताना स्क्रीनवर कुठे लिहिलं होतं, असं विचारलं. "अटींमध्ये आहे, मॅडम." तेव्हा हा अनुभव जरा तिखटच लिहिला जाणार.

पद्धत बहुतेकांना ठाऊक आहे. तिकीट काढायचं, गूगल फ्लाइट्सवर त्याच विमानाचा अलर्ट लावायचा, भाडं खाली आलं की 'चेंज'मध्ये जाऊन तेच विमान पुन्हा निवडायचं. 2020 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेत आधी युनायटेडने आणि पाठोपाठ डेल्टा, अमेरिकन यांनी बहुतेक तिकिटांवरची चेंज फी काढली, तेव्हापासून या खटाटोपाला खरा अर्थ आला. जिथे फी अजून आहे तिथे आधी हिशेब करा. 100 चं तिकीट 80 वर आलं आणि बदलायला 25 पडणार असतील तर मुकाट्याने अलर्ट बंद करावा. 'बेसिक' किंवा 'लाइट' नावाच्या सगळ्यात स्वस्त तिकिटांना तर बहुधा ही वाटच नसते.

अलर्टवरही डोळे झाकून विसंबू नका. तो सहसा त्या विमानातलं सगळ्यात स्वस्त भाडं दाखवतो आणि तुमचं तिकीट असतं त्याच्या वरच्या प्रकारातलं. 'भाडं उतरलं' वाचून धावत गेलं की कळतं, बेसिक उतरलंय, आपलं जिथल्या तिथे आहे. दुसरी गंमत घरातले सगळे मिळून जाताना होते. स्वस्त भाड्याच्या दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर बहुतेकदा चौघांनाही वरचंच भाडं दिसतं. म्हणून एका प्रवाशासाठीही शोधून बघत जा. फरक दिसला तर कंपनीला पीएनआर, म्हणजे सगळ्यांचं एकत्र बुकिंग, फोडून द्यायला सांगायचं आणि दोघांचं तरी बदलून घ्यायचं. एजंट कुरकुरतात, पण करून देतात.

मुळात भाडं उतरतं म्हणजे काय, हे समजल्यावर माझी रोज सकाळ-संध्याकाळ बघण्याची सवय सुटली. इकॉनॉमीच्या एकसारख्या सीटा कागदोपत्री वाय, बी, एम, क्यू, के अशा अक्षरी वर्गांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक वर्गाचं भाडं वेगळं. पुष्कळदा कुणी किंमत कमी केलेली नसते, बंद झालेला स्वस्त वर्ग पुन्हा उघडलेला असतो. 1972 साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी यामागचा हिशेब मांडला: आत्ता स्वस्तात सीट मागणाऱ्याला ती तेव्हाच द्यावी, जेव्हा त्याचे पैसे नंतर येऊ शकणाऱ्या महागड्या गिऱ्हाइकाच्या अपेक्षित उत्पन्नापेक्षा कमी नसतील. ते महागडं गिऱ्हाईक येणार हा अंदाज फसला की स्वस्त वर्ग उघडतो. पण अनेक स्वस्त भाड्यांना 21, 14 किंवा 7 दिवस आधी तिकीट काढण्याची अट असते. त्यामुळे शेवटचे तीन आठवडे उरले की माझा उत्साह मावळतो, आणि शेवटच्या आठवड्यात तर मी बघतही नाही.

उलट तिकीट काढल्यानंतरचा पहिला दिवस सगळ्यात मोलाचा. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून सुटणाऱ्या विमानांसाठी तिथल्या वाहतूक खात्याचा नियम आहे: सुटायला किमान 7 दिवस असताना थेट कंपनीकडून तिकीट घेतलं, तर कंपनीने एकतर 24 तासांत दंडाशिवाय रद्द करू द्यायचं, नाहीतर पैसे न घेता भाडं तेवढा वेळ धरून ठेवायचं. रद्द केलं तर पैसे कार्डावर परत, क्रेडिटची भानगडच नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मुदत संपायच्या आत मी एकदा भाडं बघतेच. मध्यस्थ वेबसाइटवरून घेतलेल्या तिकिटाला मात्र हा नियम लागू नाही, आणि पुढेही प्रत्येक बदलाला त्यांचं सेवाशुल्क आडवं येतं. त्या वेबसाइटी मी सोडल्या.

आता माझं मूळ दुखणं. जानेवारीत तिकीट काढलं, प्रवास ऑक्टोबरचा. ऑगस्टमध्ये भाडं उतरलं, तिकीट बदललं, फरकाचं क्रेडिट मिळालं. माणूस सहज धरून चालतो की क्रेडिट ऑगस्टपासून वर्षभर चालेल. ते जानेवारीत मरतं. म्हणजे जो शहाण्यासारखा लवकर तिकीट काढतो, त्याला भाडं उतरायची संधी जास्त, पण मिळालेल्या फरकाचं आयुष्य कमी. त्यात काही कंपन्यांना मुदतीच्या आत नुसतं बुकिंग चालतं, तर काहींना प्रवासही त्याआधी सुरू झालेला लागतो. आणि कळस असा की ते जुनं क्रेडिट लावून नवं तिकीट काढलं, आणि त्याचंही भाडं उतरलं म्हणून तेही बदललं, तर उरलेली रक्कम पुन्हा पहिल्याच तारखेला चिकटते. निदान माझ्या कंपनीत तरी असंच आहे. मी पैसे वाचवत होते की कंपनीला बिनव्याजी कर्ज देत होते, असा प्रश्न मला पडला आणि अजून सुटलेला नाही.

वर हे क्रेडिट ज्याच्या कार्डावरून पैसे गेले त्याच्या नावावर येत नाही, प्रवाशाच्या नावावर येतं. सगळ्यांचे पैसे मी भरले, पण फरकाचे तुकडे आईच्या, मुलाच्या, नवऱ्याच्या नावावर वेगवेगळे पडले. आई पुढच्या वर्षभरात विमानात बसणार नाही म्हणते. तिचा तुकडा मला वापरता येत नाही, कुणाला देताही येत नाही. आता तिलाच कुठेतरी पाठवावं असा विचार चालू आहे, म्हणजे एवढंसं क्रेडिट वाचवायला अख्खं तिकीट काढायचं.

इथवर लिहून दोन तारे देऊन थांबणार होते. पण माइल्सवर, म्हणजे कंपनीच्या खात्यात साठलेल्या पॉइंटांवर, काढलेल्या तिकिटांचा अनुभव इतका वेगळा आहे की मत बदलावं लागलं. तिथे माइल्सचा आकडा उतरला की रद्द करून पुन्हा काढायचं. माइल्स लगेच खात्यात परत आले, कर कार्डावर आला, आणि तिकिटाच्या तारखेचं शेपूट कुठेच नाही. काही कंपन्या माइल्स परत जमा करायला फी घेतात, तेवढं आधी बघा. आणि क्रम पाळा: खात्यात पुरेसे माइल्स असतील तर नवं आधी, जुनं लगेच नंतर. सोडलेली सीट त्याच स्वस्त वर्गात परत येईलच असं नाही. मात्र एकाच माणसाची एकाच विमानात दोन बुकिंगं फार वेळ ठेवू नका, कंपनीच्या डोळ्यावर आली तर ती स्वतःच एक उडवू शकते. या एका गोष्टीपायी आता मी लांबचे प्रवास माइल्सवर आणि जवळचे पैशावर करते.

आणखी एक वाट मला उशिरा कळली. कंपनीने स्वतः वेळ बदलली तर बाजू आपली. अमेरिकेतल्या 2024 च्या नियमांप्रमाणे देशांतर्गत विमान 3 तास किंवा त्याहून जास्त, आंतरराष्ट्रीय 6 तास किंवा त्याहून जास्त पुढेमागे झालं आणि तुम्ही ते नाकारलंत, तर पैसे मूळ मार्गानेच परत मिळतात, अगदी नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही. भाडं उतरलेलं असताना असा ईमेल आला तर 'स्वीकारा' दाबायच्या आधी नवं भाडं बघा. मी आधी हे ईमेल न वाचताच स्वीकारायचे.

तिकीट बदललं की निवडलेली सीट आणि सांगितलेलं जेवण नव्या तिकिटावर येईलच असं नाही, लगेच तपासा. माझे खिडकीच्या सीटचे पैसे एकदा असेच गेले.

तर तीन तारे. एक कापलाय मुदतीच्या तारखेसाठी. बदल पक्का करायच्या बटणाशेजारी, फरकाच्या रकमेइतक्याच मोठ्या अक्षरांत ती तारीख दाखवायला लागले तर परत देईन. दुसरा त्या खिडकीच्या सीटसाठी, आणि तो परत देणार नाही.