थर्माकोलचा ५० अंड्यांचा इनक्युबेटर : घ्यावा का?

अंडी उबवायची ही पेटी हलकी, पंखा बरा, अंडी फिरवणारी मोटर मजबूत. खोट आहे ती सेन्सरमध्ये. तो बल्बच्या अगदी जवळ लावलेला असल्याने पडद्यावर ३७.५ अंश दिसतात, पण कोपऱ्यातली अंडी थंडच राहतात. मग पिल्लं २१व्या दिवसाऐवजी २२-२३व्या दिवशी निघतात, तीही मलूल. सेन्सर सोडवून अंड्यांच्या उंचीवर आणा आणि वेगळ्या थर्मामीटरने ताळा घ्या. अंडी ठेवण्याआधी पेटी एक दिवस रिकामी चालवा.

अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, धुऊ नका, निमुळतं टोक खाली ठेवा. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरा: लाल शिरांचं जाळं आणि मधला काळा ठिपका दिसला तर जीव धरलाय, नुसतं पिवळसर दिसलं तर काढून टाका. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी. मग फिरवणं बंद, आर्द्रता ६५-७०, आणि झाकण अजिबात उघडायचं नाही. पिल्लाने आतून कवच टोचलेलं असताना दमट हवा निसटली की आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो.

लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरशिवाय ही पेटी घेऊच नये. दहा-बारा अंड्यांसाठी खुडूक (अंड्यांवर बसायला आलेली) गावरान कोंबडीच उत्तम, ऊब-ओल तीच सांभाळते. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवण्याआधी तिच्या उवा-गोचीड तेवढे बघा, नाहीतर ती मधेच उठते.