बॅलन्स बोर्ड: आठ महिने कोल्हापुरात, पाच दिवस गुलमर्गला

स्नोबोर्ड, म्हणजे एकाच फळीला दोन्ही पाय बांधून आडवं उभं राहत बर्फाच्या उतारावरून घसरायचं, हे शिकायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा वय ४२ आणि बर्फ बघितलेला तो फ्रीजमधला. म्हणून गेल्या जूनमध्ये घरी सरावाला बॅलन्स बोर्ड मागवला: एक फळी, खाली सुटा रोलर. बाहेर पंचगंगेचं पाणी चढत होतं आणि आत मी खिडकीचा गज धरून डुलत होतो. आई दारातूनच म्हणाली, "हाडं मोडून घेतलीस तर मला हाक मारू नकोस."

फळी चांगली निघाली. रोलर मात्र टाकाऊ. पोकळ प्लास्टिकचा, दोन महिन्यांत मधोमध चपटा झाला. त्यात पावसाळी दमट हवेत शहाबादी फरशीवरून तो सरळ निसटायचा. कंपनीला फोटो पाठवले, तर वापरानं असं होतंच म्हणे! शेवटी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून भरीव नायलॉनचा रोलर करून घेतला, त्यावर सायकलच्या ट्यूबचे पट्टे चढवले. तो अजून जसाच्या तसा आहे. तुम्ही घेणार असाल तर हा खर्च धरूनच घ्या आणि खाली जाजम अंथरा.

बर्फावर उपयोग झाला का? फेब्रुवारीत गुलमर्गला पाच दिवसांची शिकवणी लावली तेव्हा कळलं, निम्माच.

रोलरवर फळी एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे कलते. स्नोबोर्ड थांबतो तो मात्र धारेवर, म्हणजे टाचेकडच्या किंवा चवड्याकडच्या कडेवर. ती सवय मला आठ महिन्यांत लागलीच नव्हती. पहिल्या दिवशी काम एवढंच होतं, उताराला आडवं उभं राहून टाचेच्या धारेवर हळूहळू खाली घसरायचं. बोर्ड क्षणभर जरी सपाट पडला की उताराकडची धार बर्फात रुतते आणि पुढची धोबीपछाड कुणी मारली ते कळतही नाही.

फायदा झाला तो तिसऱ्या दिवशी, वळणं सुरू झाल्यावर. भीतीनं नवशिका मागच्या पायावर रेलतो, मग बोर्डचं तोंड वळत नाही आणि वेग वाढत जातो. भार पुढच्या पायावर, म्हणजे जिकडे जायची भीती वाटते तिकडेच द्यावा लागतो. हे मला बाकीच्यांपेक्षा लवकर जमलं, त्याचं श्रेय रोलरला. पुढचा पाय कोणता हेही घरीच ठरलं होतं. बायकोला म्हटलं, मी बेसावध असताना मागून ढकल. तिनं फारच मनावर घेऊन ढकललं. उजवा पाय पुढे पडला, म्हणजे मी 'गूफी'. डावा पुढे ठेवणारे 'रेग्युलर'.

पडायचं कसं, ते तालमीत जाणाऱ्या चुलतभावानं शिकवलं. "दादा, हात टेकायचा न्हाई. मूठ वळायची, हनुवटी छातीला." लाल मातीतलं हे शहाणपण बर्फावर जसंच्या तसं चाललं. नवशिक्यांची मनगटं फार दुखावतात, म्हणून स्केटिंगचे रिस्ट गार्ड घेऊन गेलो होतो. बसकणीला पॅड असलेली चड्डी मात्र लाजेपोटी घेतली नाही. परतीच्या रेल्वेत मिरजेपर्यंत बहुतेक उभाच होतो.

दमाचंही सांगतो. कोल्हापूर साधारण ५५० मीटरवर, गुलमर्ग २,६५० च्या आसपास. बोर्ड काखेत घेऊन उतार चढताना पन्नास पावलांत छाती भरून यायची. पन्हाळ्याच्या चढणीवर मी कधी थांबलो नव्हतो.

परत आल्यावर जुन्या कपाटाच्या फळीखाली सुताराकडून लांबीच्या दिशेनं एक अर्धगोल पट्टी ठोकून घेतली. ही टाच-चवडा अशी डुलते. हिच्यावर टाचेकडे वीस सेकंद टिकतो, चवड्याकडे जेमतेम दहा. गुलमर्गलाही चवड्याच्या वळणावरच शेवटपर्यंत पडत होतो. मागवलेला बोर्ड सध्या पुतण्याकडे आहे, तो त्याच्यावर उभा राहून मोबाईल बघतो आणि एकदाही पडलेला नाही.